पडद्याच्या कडा

बातमी साधी होती. ज्या गेमची पायलट कित्येक वर्षं वाट बघत होता, त्याचा तिसरा भाग आणखी दोन वर्षं पुढे ढकलला होता. गोदामाच्या कँटीनमध्ये डबा उघडून पहिला घास तोंडात टाकताना त्याने ती मोबाईलवर वाचली. असल्या बातम्या त्याने ढिगाने वाचल्या होत्या. कंपन्या आधी ढोल बडवतात, मग आगाऊ पैसे उकळतात, मग ‘तुमच्या प्रेमाला साजेसं काही देण्यासाठी थोडा वेळ हवा’ असं साखरेत घोळलेलं निवेदन काढतात, आणि ज्यांनी तो गेम बनवायचा त्यातल्या निम्म्या लोकांना त्याच आठवड्यात घरी बसवतात. एरवी पायलटने एक सणसणीत शिवी हासडली असती, समोरच्या पॅकिंगवाल्या काकांना मोबाईल दाखवून ‘बघा, चोर कसे असतात’ म्हणाला असता, आणि काकांनी गेममधलं ओ की ठो कळत नसताना मान डोलावली असती. आज शिवी आलीच नाही. घास तोंडात तसाच राहिला. डोक्यात एक प्रश्न उमटला, तोही शेजारी बसलेल्या कुणीतरी सहज विचारावा तसा. दोन वर्षांनी तुला दिसत असेल का?

त्याने घास गिळला. पाणी प्यायला. तो मोबाईलवरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. अक्षरं लख्ख दिसत होती. खालची बारीक टीप, तीही दिसत होती. मग कसला प्रश्न? दरवर्षी गोदामात डोळे तपासायला एक माणूस येतो, ऑफिसच्या दारामागे अक्षरांचा तक्ता टांगतो, एकेकाला समोर उभं करतो. पायलट सगळ्यांत खालची ओळ धडाधड वाचतो. तो माणूस कौतुकाने म्हणतो, घारीचे डोळे आहेत तुमचे. शिक्का बसतो. समोरचं दिसतं का, एवढंच त्या तक्त्याला ठाऊक. बाजूचं कुणी विचारत नाही, कारण बाजूचं विचारायला वेळ लागतो आणि गोदामाला वेळ नसतो. शिक्का मिळाला की पायलट पुन्हा आपल्या फोर्कलिफ्टवर चढतो, दोन लोखंडी सुळे माल रचलेल्या लाकडी पॅलेटखाली घालतो आणि माणसाच्या चौपट वजनाचा माल छपराला टेकेल इतका उंच नेऊन ठेवतो. त्याच्या हातून आजवर कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. ‘पायलट’ हे नाव त्यावरूनच पडलं होतं. सुरुवातीला ते टोमणा म्हणून होतं, पुढे खरंच मान म्हणून.

त्याच दुपारी ते घडलं. माल उतरवून तो रिकामी गाडी घेऊन परतत होता आणि रॅकच्या टोकाला डावीकडे वळला. नेहमीचं वळण. चाकाखाली काहीतरी कडकडलं. पॅलेटची फळी असेल, असं वाटून त्याने गाडी थांबवली, आणि मग अगदी जवळून, जणू त्याच्या कानातून, एक आवाज आला.

“दादा, मी इथे उभी होते.”

ती नवी मुलगी होती. त्याच आठवड्यात कामाला लागलेली, खोक्यांवरचे बारकोडचे पट्टे वाचायचं यंत्र घेऊन फिरणारी. ते यंत्र चाकाखाली चपटं झालं होतं. ती रॅकला पाठ चिकटवून उभी होती, बूट चाकाला लागेल इतक्या जवळ, आणि ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी तुम्हाला हात केला,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.”

पायलट तिच्यावर खेकसला. हॉर्न ऐकू येत नाही का, पिवळ्या रेषेच्या आत उभं राहायचं कुणी शिकवलं, मेली असतीस तर आम्ही तुरुंगात. तो बोलत होता आणि त्याला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू येत होता, आणि तो आवाज बाबांचा होता. सुपरवायझर धावत आला. त्याने पायलटकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि मुलीलाच झापलं. नवी माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून चालतात म्हणाला. तिच्याजवळ मोबाईल नव्हता. तिने माफी मागितली. पायलटची मागितली. आणि पायलटने ती घेतली, कपाळावर आठ्या घालून, मोठेपणाने, जशी या जगात चूक करणारे नेहमी घेतात.

संध्याकाळी घरी जाताना तो बसमध्ये चढला आणि नेहमीसारखा डाव्या बाजूच्या खिडकीला जाऊन बसला. बसल्यावर त्याचं त्यालाच खटकलं. डाव्या खिडकीला का? त्या बाजूला खिडकी असली की कुणी येत नाही म्हणून. रस्त्याने चालताना तो भिंत डावीकडे ठेवून चालायचा. हॉटेलात डावा कोपरा पकडायचा. हे कधीपासून? त्याने कधी ठरवलं नव्हतं. पाय आपले आपण जात होते, जसं गुरं आपल्या गोठ्याकडे जातात. डोळे जातात तेव्हा अंधार होतो, असं सांगणारे सगळे लोक खोटारडे आहेत किंवा त्यांना काही माहीत नाही. अंधार झाला तर माणूस बोंब तरी मारेल. इथे काहीच होत नाही. कड हलकेच आत येते आणि तिच्यासोबत तिथे काहीतरी होतं ही आठवणही पुसली जाते. मेंदू मोठा लबाड. जे दिसत नाही तिथे तो शेजारचाच रंग फासतो, भिंत असेल तर भिंत, रॅक असेल तर रॅक. मुलगी उभी असेल तर तिच्यावरूनही रॅकच फासतो.

बाबा रंगारी होते. भिंत रंगवली की त्यांच्या भिंतीला डाव्या हाताला वीतभर पट्टा कोरा राहू लागला होता. घरमालक बोलावून दाखवायचे. बाबा म्हणायचे, ओला असताना असंच दिसतं, वाळला की एक होईल. घरमालक हसायचे, मग हसेनासे झाले. सुट्टीच्या दिवशी ताई आणि तो डबे उचलायला बरोबर जायचे, आणि बाबा पुढच्या खोलीत गेले की ताई ब्रश उचलून गुपचूप तो पट्टा भरून टाकायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं. त्या दोघांतही त्यावर कधी बोलणं झालं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं, असं ते एक वर्ष गेलं. मग एका इमारतीच्या बाहेरच्या बाजूला बाबा परांचीवर उभे होते आणि डावीकडे एक पाऊल टाकलं, जिथे त्यांच्या हिशेबी फळी होती. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, हे कधीपासून आहे? काचबिंदू. बाबा म्हणाले, कुठे काय, मला तर सगळं दिसतंय. ते खोटं बोलत नव्हते. हीच तर सगळ्यांत भयंकर गोष्ट होती.

पुढची वर्षं बाबा खाटेवर बसून असायचे आणि ही दोघं जुन्या बाजारातून आणलेल्या कन्सोलवर खेळायची. बाबा आवाजाच्या दिशेने तोंड करायचे. मारलंस का रे त्याला? मारलं, बाबा. कसा होता? आणि पायलट सांगायचा, भला मोठा आहे, खांद्यावर शिंगं आहेत, तोंडातून धूर येतोय. बाबा म्हणायचे, धुराचा रंग सांग. करडा सांगितला तर चालायचं नाही. करड्यात किती निळा, किती काळा? रंगाऱ्याला फसवणं सोपं नसतं.

घरी आल्यावर त्याने दिवा लावला, कन्सोल चालू केला आणि पडद्यावर न खेळलेल्या गेमची रांग आली. सेलमध्ये घेतलेले, सवड मिळाली की खेळू म्हणून ठेवलेले. कुणी त्याला हिणवलं की तो म्हणायचा, म्हातारपणाची सोय आहे ही, निवृत्त झालो की एकेक काढीन. आज ती छोटी छोटी चित्रं त्याच्याकडे बघत होती. जंगलांचे गेम, समुद्रांचे गेम, उजाड शहरांचे गेम, एक नुसता बर्फाचा. त्याच्या लक्षात आलं की मोठ्या मोकळ्या जगाचे सगळे गेम तो वर्षभरात अर्धवट टाकत आला होता. खेळत होता ते जुनाट, अरुंद बोळांचे, जिथे शत्रू समोरूनच येतो. मोकळ्या जगात तो फार मरायचा. डावीकडून कोण यायचं आणि मारून जायचं कळायचं नाही, आणि मग तो गेमखाली जाऊन जहरी अभिप्राय लिहायचा. कॅमेरा भिकार आहे. बनवणाऱ्यांनी डोळे गहाण टाकले होते काय. शत्रू हवेतून उगवतात, पैसे परत द्या. लोकांना त्याची शिवराळ भाषा आवडायची, खाली वाहवा मिळायची. कधीतरी एखादा गरीब बिचारा लिहायचा, आम्हाला तर नीट दिसतात हो येताना. त्या बिचाऱ्याची तर पायलट सालटी सोलायचा.

आणि सेटिंग. नवा गेम पहिल्यांदा उघडला की गेमच सांगतो, चारही कोपऱ्यांतले बाण दिसेपर्यंत चौकट लहान-मोठी करा. जुन्या टीव्हींच्या कडा कापल्या जायच्या म्हणून ही सोय ठेवलेली असते. त्याचा टीव्ही नवा होता. तरी बाण दिसेपर्यंत तो चौकट आत ओढायचा, प्रत्येक गेमला आधीच्यापेक्षा थोडी जास्त. उरलेला जीव दाखवणारी पट्टी, नकाशा, गोळ्यांचा आकडा, सगळं हळूहळू मधोमध सरकत आलं होतं, पूर आलेल्या घरातली माणसं जशी एका खाटेवर गोळा होतात. हे त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. अंगठ्याला माहीत होतं, तोंडाला माहीत नव्हतं.

त्याने कानांवर हेडफोन चढवले आणि बर्फाचा गेम उघडला. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. कदाचित बर्फ पांढरा असतो आणि पांढऱ्यावर काही लपत नाही म्हणून. तो चालत राहिला. दूर एक डोंगर होता. बातम्या देणाऱ्या एका साइटवर त्याने मागे वाचलं होतं की गेममध्ये आपण जिकडे बघत नाही तिकडचं जग यंत्र रेखाटतच नाही. कशाला फुकट मेहनत. पाठ फिरवली की डोंगर गेला, घरं गेली, माणसं गेली. मान वळवली की घाईघाईने पुन्हा रचून ठेवतं. लहानपणी त्याला हे नुसतं जाणवायचं, आणि तो झपकन मागे वळून त्या यंत्राला पकडायला बघायचा. ताई हसायची. आता त्याला हसू येत नव्हतं. दुपारी ती मुलगी त्याच्या जगात नव्हतीच. तिचे बूट, तिचा वर केलेला हात, कुठेतरी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल ती तिची आई, काहीही रेखाटलेलं नव्हतं. चाक मात्र खरं होतं. गेममधला त्याचा माणूस बर्फात कोसळला. मेला. कशाने मेला? त्याने पुन्हा सुरू केलं. चालला. पुन्हा मेला. त्याने हेडफोन काढून सोफ्यावर आपटले.

“लांडगा होता,” ताई म्हणाली. “दोन्ही वेळेला.”

त्याच्या तोंडून किंकाळी निघाली. ताई त्याच्या डाव्या हाताला, त्याच सोफ्यावर, पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर तिची पर्स. पर्सवर घराची किल्ली.

“केव्हा आलीस?”

“बराच वेळ झाला. दार उघडलं, चप्पल काढली, पाणी प्यायले. तुझ्या अंगावरून हात फिरवायचा बाकी राहिला होता.”

“मग बोलायचं ना. जीव गेला असता माझा.”

“बघत होते, तुला कधी कळतंय.”

ती कित्येक वर्षं त्याच्याबरोबर लांबून, आपापल्या घरून खेळत होती आणि रविवारी दुपारभर हेडफोनमधून त्याला डावीकडे, ढब्बू, डावीकडे असं ओरडत होती. तो म्हणायचा, माहीत आहे, मुद्दाम येऊ देतोय. सुरुवातीला तिला वाटलं होतं, वय झालं ह्याचं, हात मंदावले. मग मागच्या रविवारी त्याने आपला पडदा तिला दाखवला होता, एक कोडं सुटत नव्हतं म्हणून, आणि तिने बघितलं होतं की नकाशा पार नाकासमोर आणून ठेवला आहे. त्यावर ती काही बोलली नाही. आठवडाभर तिला झोप लागली नव्हती. आता ती हे सगळं सांगत होती, सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. तिचंही चार वर्षांपूर्वी निघालं होतं. काचबिंदू. ती रोज थेंब घालते. गेलेलं परत येत नाही, पण थेंब घातले तर आहे ते राहतं.

“मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला.

“सांगितलं होतं. तपासून घे म्हणाले होते. तू म्हणालास, मी खालची ओळ वाचतो.”

ताईने त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला, सेटिंगमध्ये गेली आणि एकेक गोष्ट होती तिथे परत ढकलली. चौकट पार कडेला गेली. “आता खेळ.” त्याने नको म्हटलं. तिने कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला. तो खेळू लागला. पडदा स्वच्छ होता, त्यावर काही म्हणजे काही नव्हतं, नुसता बर्फ आणि डोंगर, आणि एक क्षण त्याला वाटलं, किती सुंदर आहे हे, एवढ्या वर्षांत असं मोकळं कधी दिसलं नाही. वारा वाहत होता. बर्फावर त्याच्या माणसाच्या पावलांचे ठसे उमटत होते. तो म्हणाला, “तू पट्ट्या बंद केल्यास का गं? जिवाची पट्टी, नकाशा?”

ताईने पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, “सगळं चालू आहे, ढब्बू. पट्टी लाल झालीय. कधीची.”

त्याने मान वळवली. पुरती, खांद्यापर्यंत. तेव्हा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ती लाल रेघ कुठूनशी आली, उघडझाप करणारी, आणि तिच्या शेजारी नकाशा, नकाशावर लांडग्यांचे तीन ठिपके. त्याने मान सरळ केली. रेघ गेली. काळी पडली नाही, पुसट झाली नाही. नव्हतीच. तिथे बर्फ होता. शुभ्र, गुळगुळीत, खोटा बर्फ. त्याने पुन्हा मान वळवली, पुन्हा सरळ केली, आणि असं तो करत राहिला, शेवटी ताईने त्याच्या मानेवर हात ठेवला. तिने उद्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं. तो म्हणाला, उद्या कामावर जायचंय. ती म्हणाली, कामावर जाऊन काय करणार आहेस? आणि हा प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता, म्हणून त्याला त्याची जास्त भीती वाटली. त्याला दुसरं काही येत नव्हतं. गाडी सोडली तर तो गोदामात कोण? खोकी उचलायला त्याची कंबर नाही, ऑफिसात बसायला शिक्षण नाही. आणि गाडी नाही सोडली तर? सुपरवायझर त्याच्याच बाजूने बोलला होता. मुलीने माफी मागितली होती. तक्ता पुढच्या वर्षी येईल आणि तो खालची ओळ वाचेल. कुणाला कळणार नाही. अजून वर्षभर, दोन वर्षं सहज जातील. हा विचार त्याच्या मनात आला, पूर्ण आला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली, तरीही तो विचार गेला नाही. ताई सोफ्यावरच झोपली. तिला घरी जा म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

सकाळी तो गोदामात गेला. ताई फाटकापर्यंत आली आणि बाहेर उभी राहिली. तो गाडीवर चढला. पट्टा लावला. किल्ली फिरवली, यंत्र घरघरलं, सुळे उचलले गेले. समोर पहिली पॅलेट वाट बघत होती. त्याने सरळ समोर बघितलं. सगळं लख्ख होतं. रॅकवरचे आकडे, खोक्यांवरचे बारीक पट्टे, दूर दारातून आत आलेलं ऊन आणि त्यात उडणारी धूळ. घारीचे डोळे. त्याने डावीकडे मान वळवली नाही. वळवली आणि तिथे कुणी असलं तर? वळवली आणि कुणी नसलं, तर मान सरळ केल्यावर कुणी येईल. भीती कुठून येतेय ते कळेना, कारण ती नेमकी तिथूनच येत होती जिथे त्याच्यासाठी काही नव्हतं. पाय पेडलवर होता. पाय दाबेना. मागून कुणीतरी हाक मारली, पायलट, झोप लागली का रे? लोक हसले. त्याने यंत्र बंद केलं, किल्ली काढली आणि खाली उतरला.

पॅकिंगवाले काका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. त्याने किल्ली त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवली, कारण तेच सगळ्यांत जवळ होते आणि सुपरवायझरपर्यंत जायचं बळ त्याच्यात नव्हतं.

“काका, मला डावीकडचं दिसत नाही.”

काकांनी पट्टी पुरती लावली. तिच्यावरून अंगठा दाबत नेला. वर बघितलं नाही.

“माहीत आहे रे,” ते म्हणाले. “दीड वर्ष झालं. तुझी गाडी आली की आम्ही सगळे उजवीकडून जातो.”

पायलट उभा राहिला. आजूबाजूला काम चालू होतं, माणसं ढकलगाड्या घेऊन ये-जा करत होती. त्याने एकेकाकडे बघितलं, मान वळवून वळवून, आणि ज्याच्याकडे बघावं तो दुसरीकडे बघत होता. कुणाला कधी ओरखडाही न उमटू देणारं ते सगळं कसब, ते नाव, ती वर्षं. सगळेजण त्याच्या चाकांपासून आपले पाय वाचवत आले होते, आणि त्याला बरं वाटावं म्हणून हसत होते.

“ती मुलगी,” तो म्हणाला.

“ती नवी आहे,” काका म्हणाले. त्यांनी पुढचं खोकं ओढलं. “तिला सांगायचं राहिलं.”